खानखानानची ओंजळ आणि बऱ्हाणपूरचे पाणी

होळकरांच्या मुलखातील जुन्या घरांना खासगी आणि दौलत हा भेद समजावून सांगावा लागत नाही. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ येथे जी देवळे उभारली, जे घाट बांधले, ज्या धर्मशाळा घातल्या, त्या खासगीच्या पैशातून; रयतेचा सारा, फौज, न्यायनिवाडा यांचा हिशेब दौलतीचा, तो निराळा. दोन्ही हिशेब एकाच बाईच्या नजरेखालून जात, पण एकाचा पैसा दुसऱ्यात मिसळत नसे. गरिबी हटविण्यासाठी श्रीमंतांनी आपल्या पदरचे द्यावे, की सारा, कर्ज, व्यापार यांचे नियमच बदलावेत, असा वाद आज जगभर चालतो. तो ऐकताना मला या दोन वह्यांची आठवण होते. आणि का कोण जाणे, त्याबरोबर बऱ्हाणपूरही आठवते. कारण दान देण्यात ज्याचे नाव म्हणीसारखे झाले असा एक पुरुष उमेदीची कमीअधिक तीस वर्षे त्या शहरात येऊनजाऊन राहिला. त्याच्या हयातीत आणि त्याच्या पाठोपाठ या प्रश्नाची जी परीक्षा तापीकाठी झाली, तशी दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

हा पुरुष म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान. शाळेच्या हिंदी पुस्तकातील दोह्यांमुळे रहीम कवी सर्वांच्या ओळखीचा आहे. रहीम सरदार तितकासा नाही.

त्याचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोरास झाला. बाप बैरामखान, म्हणजे पानिपतच्या दुसऱ्या लढाईत चौदा वर्षांच्या अकबराची पातशाही सावरून धरणारा सेनापती. आई मेवातच्या घराण्यातील. पुढे बैरामखान बादशहाच्या मर्जीतून उतरला, मक्केस निघाला, आणि ३१ जानेवारी १५६१ रोजी गुजरातेत पाटणच्या तलावाकाठी जुन्या वैरातून त्याचा खून झाला. तळ लुटला गेला. चार वर्षांचे पोर चार विश्वासू माणसांनी कसेबसे अहमदाबादेस आणि तेथून आग्र्यास पोहोचविले. ज्या बादशहाने बापाला दूर सारले होते त्यानेच मुलाला जवळ केले, शिकविले, आणि आपल्या दूधभावाच्या बहिणीशी, माहबानूशी, त्याचे लग्न लावून दिले. एखाद्याच्या दयेवर जगणे म्हणजे काय हे रहीमला पोथीतून शिकावे लागले नाही.

१५८० साली त्याला मीर अर्ज नेमण्यात आले. लोकांचे अर्ज बादशहापुढे मांडणारा तो मीर अर्ज. विशीतल्या तरुणाला एवढे काम मिळावे यात त्याच्या स्वभावाची पारख दिसते. दारात उभ्या असलेल्या माणसाचे ऐकून घेण्याची जी सवय त्याला तेथे लागली ती जन्मभर सुटली नाही, असे त्याचे पुढचे आयुष्य पाहता वाटते. १५८२ साली तो शाहजादा सलीमचा अतालिक, म्हणजे शिक्षक व पालक झाला. १५८४ साली सरखेजच्या लढाईत त्याने मुजफ्फरशहाचा पराभव करून गुजरात राखली आणि खानखानान हा किताब मिळविला. या लढाईची एक कथा सांगतात. विजयाच्या दिवशी त्याने जवळ होते नव्हते ते सर्व शिपायांना वाटून टाकले. अगदी शेवटी एक शिपाई आला आणि आपल्या वाट्याला काहीच आले नाही म्हणाला. खानखानानपुढे लिहिण्याची दौत तेवढी उरली होती. ती त्याने उचलून दिली. तुर्की, फारसी, ब्रज या भाषांत लीलया वावरणारा, बाबराच्या आठवणी तुर्कीतून फारसीत आणून १५८९ साली अकबरापुढे ठेवणारा हा माणूस. त्याने दौत देऊन टाकावी हे कथेच्या दृष्टीनेही शोभून दिसते.

सिंधची मोहीम उरकून तो दक्षिणेत उतरला. चांदबीबीच्या अहमदनगरास १५९५-९६ साली पडलेला वेढा, १५९७ साली गोदाकाठची आष्टीची लढाई, १६०१ साली असीरगड पडून फारुकींच्या खानदेशाचा झालेला शेवट, हा इतिहास वाचकांना परिचित आहे. खानदेश मोगलांकडे आला आणि बऱ्हाणपूर त्यांच्या दक्षिणेच्या सुभेदारीचे ठाणे झाले. खानखानानचा जावई शाहजादा दानियाल येथेच १६०५ साली दारूपायी मेला. जावयावर पहारे बसवले होते तरी बंदुकीच्या नळीतून दारू आत जात होती म्हणतात. असो.

या बऱ्हाणपुरात खानखानानचा दरबार असा भरला की इराणातले कवी दिल्ली-आग्र्याची वाट सोडून तापीकडे वळू लागले. अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ साली पुरा केलेला मआसिरे रहीमी हा ग्रंथ त्याच दरबारात जन्मला. कोणाला आश्रय मिळाला, कोणी काय लिहिले, याची ती दांडगी वही आहे. हिंदी कवी गंग याला एका छप्पयाबद्दल ३६ लाख रुपये दिले ही आख्यायिका तर उत्तर हिंदुस्थानात घरोघर आहे. कवीच्या तोंडचा आकडा आहे, निम्म्याहून निम्मा धरला तरी चालेल. दान देताना तो नजर खाली घालतो, हात जितका वर जातो तितके डोळे खाली जातात, हे पाहून कोणी कारण विचारले. तेव्हा देणारा निराळाच आहे, लोक मात्र माझे नाव घेतात, याची लाज वाटते, असे त्याने सांगितल्याची गोष्टही प्रसिद्ध आहे. ही गोष्ट मला खरी वाटते. अनाथ म्हणून वाढलेल्या माणसाला ती लाज वाटणारच.

पण देणारा निराळा होता, तो कोण, हे जरा जमिनीवर येऊनही पाहिले पाहिजे. ईश्वर होताच. त्याच्या खालोखाल कुणबी होता. मोगल सरदाराला पगार मिळे तो जहागिरीच्या रूपाने. ठराविक परगण्यांचा वसूल त्याच्या नावे लावून दिलेला असे, त्यातून त्याने घोडेस्वार ठेवावयाचे आणि उरलेल्यात आपला संसार चालवावयाचा. अकबराच्या दफ्तरात सरकारी वाटा पिकाच्या तिसऱ्या हिश्श्याचा धरलेला होता. गावात प्रत्यक्ष वसूल होताना तो कागदावर थांबत नसे. जहागिरीही कायमची नव्हे. दोनचार वर्षांत बदली होणार हे ठाऊक असलेला जहागीरदार विहिरीला पैसा का घालील आणि बांध का धरील? तेव्हा खानखानानने ओंजळीने जे दिले ते आधी सुपाने आलेले होते. यात त्याचा व्यक्तिशः दोष काढणे बरोबर नाही. दुसऱ्या सरदारांकडेही सुपाने येतच होते, आणि त्यांच्या दारातून ओंजळही बाहेर पडत नव्हती. परंतु ओंजळ कोणाच्या पदरात पडली हेही मआसिरे रहीमी वाचणाऱ्याच्या ध्यानात येते. ज्याला कविता करता येत होती, किंवा ज्याचे पाय दारापर्यंत पोहोचत होते, त्याच्या.

१६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरास जाताना बऱ्हाणपुरास थांबला. शाहजादा परवेजची हवेली, खानखानानची हवेली आणि आणखी थोडी घरे वगळता सारे गाव मातीच्या घरांचे आहे, असे त्याने नोंदवून ठेवले. रो याला हिंदुस्थानात फारसे काही आवडत नसे, हे लक्षात घेऊनही ही नोंद विसरता येत नाही. हजारो विणकर, रंगारी, बंजारी, छावणीचे नोकरचाकर यांचे ते गाव. येथली तलम मलमल पुढच्या काळात इराण, तुर्कस्तान, कैरो, रशिया, पोलंड एवढ्या दूर जात होती असे ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहिले आहे. मलमल विणणारा मात्र मातीच्या घरात.

आणि नेमक्या याच १६१५ साली खानखानानच्या कारकिर्दीत बऱ्हाणपुरात जे काम झाले त्याला दान म्हणावे की दौलतीचे काम, हे ठरविणे कठीण आहे. शहराच्या उत्तरेस सातपुड्याच्या टेकड्या, दक्षिणेस तापी. टेकड्यांवर पडलेले पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे झिरपत जाते. इराणातील जाणकारांच्या सल्ल्याने या झिरप्याच्या वाटेवर विहिरींची रांग खणली, आणि तळाशी एकीतून दुसरीत भुयार नेले. पाणी स्वतःच्या उताराने वाहत शहराकडे येते. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. कुंडी भंडारा या नावाने प्रसिद्ध असलेल्या रांगेत अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत, आणि ज्या कुंडीतून लोक पाहावयास उतरतात तेथे पाणी सुमारे ८० फूट खाली आहे. लोकांच्या तोंडी त्याचे खुनी भंडारा झाले. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी आणखीही कामे झाली. जाली करंज येथे पाणी गोळा होऊन नळांनी शहरात खेळविले जाई. लालबाग ही खानखानानची बाग. आजचे रेल्वे स्टेशनही त्याच लालबागेच्या वस्तीत आहे, त्यामुळे बऱ्हाणपूरला उतरणारा प्रवासी नकळत त्याच्याच अंगणात पाऊल टाकतो.

हे काम दयेने सुचले असे मी म्हणणार नाही. दक्षिणेच्या स्वारीची अफाट छावणी येथे पडलेली असे. तिला पाणी हवे होते, आणि शत्रूला तोडता किंवा नासवता येणार नाही असे हवे होते. तरीसुद्धा विणकराची बायको घागर भरावयास गेली तेव्हा तिला कविता करावी लागली नाही, कोणापुढे हात पसरावा लागला नाही, आणि पाणी देताना कोणाला मान खाली घालावी लागली नाही.

योगायोग असा की त्या वेळी खानखानानचा मोठा शत्रूही याच उद्योगात होता. मलिक अंबर हा हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून हातोहात विकला जात दक्षिणेत आलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. त्याने १६१० साली खडकी वसविली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तेथेही जमिनीखालून नहर आणला. पण मराठी मुलखाने त्याची आठवण ठेवली ती धाऱ्यासाठी. सरकारात ठराविक रक्कम भरून रयतेकडून वाटेल ते उकळणाऱ्या मक्तेदारांची पद्धत त्याने मोडली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून आकार बसविला, वसूल गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या हाती दिला, प्रथम धान्यात घेतला आणि पुढे नगदीत बांधून दिला. मलिकंबरी हा शब्द जुन्या कागदांत दीडदोनशे वर्षे फिरत राहिला. शिवाजी महाराजांच्या राज्यात महसुलाची घडी बसविताना आधाराला हीच पद्धत होती. आपल्यावर किती आकार आहे हे पेरणीच्या वेळीच कुणब्याला कळणे, ही गोष्ट दिसावयास साधी आहे. त्यात कोणी कोणास काही देत नाही. पण पेरावे की गाव सोडून पळावे, हे त्यावर ठरते.

म्हणून अंबर मोठा आणि खानखानान लहान, असे म्हणून मोकळे होता येत नाही. १६१६ साली खानखानानचा वडील मुलगा शाहनवाजखान याने जालन्याजवळ रोशनगाव येथे अंबराचा पराभव केला आणि मोगल फौजेने खडकी जाळली. १६२० साली अंबराने त्याचा वचपा काढीत थेट बऱ्हाणपुरास वेढा घातला. भोवतालच्या मुलखाची रसद तोडून, गावे ओसाड करून शत्रूला उपाशी मारणे, हीच त्याची युद्धाची तऱ्हा होती. आपल्या हद्दीत कुणब्याचा धारा नीट बांधून देणारा राज्यकर्ता शेजारच्या हद्दीतील कुणब्याचे शेत तुडवीत होता. नियम चांगला असून भागत नाही, तो कोणत्या वेशीपर्यंत चालतो हेही पाहावे लागते. आज श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्याला सांभाळतात आणि त्याच धोरणाने दूरच्या गरीब शेतकऱ्याचा बाजार बुडतो, तो प्रकार याच जातीचा आहे.

खानखानानची अखेरची वर्षे वाईट गेली. १६१९ साली शाहनवाजखान दारूने गेला. उतावळी नदीच्या काठी त्याची काळ्या दगडाची कबर अजून उभी आहे. त्याच्या मागोमाग दुसरा मुलगा रहमानदाद गेला. १६२२ नंतर शाहजहानने बापाविरुद्ध बंड केले, त्यात म्हातारा खानखानान ओढला गेला, आणि दोन्ही बाजूंनी अविश्वासू ठरला. मान गेला, जहागीर गेली, कैद नशिबी आली. तिसरा मुलगा दाराबखान याचे शिर कापून, खरबुजासारखे झाकून, बापाकडे पाठविण्यात आले असे सांगतात. ज्या सलीमला त्याने लहानपणी शिकविले होते त्याच्याच, म्हणजे जहांगिराच्या राज्यात हे घडले. पुढे बादशहाने क्षमा केली, किताब परत दिला. १६२७ साली दिल्लीत त्याचा अंत झाला. बायकोसाठी बांधलेल्या कबरीतच त्याला पुरले. चार वर्षांचा असताना एका माणसाच्या मर्जीने त्याला वाचविले होते. सत्तराव्या वर्षी दुसऱ्या एका माणसाच्या मर्जीने त्याचे घर रिकामे केले.

तो गेला आणि तीनच वर्षांनी, १६३० साली, पावसाने पाठ फिरविली. गुजरात, खानदेश आणि दक्षिण एकदम होरपळली. पुढच्या वर्षी गुजरातेत अतिवृष्टीने उरलेसुरले नेले. देहूच्या मोऱ्यांच्या घरातही हाच दुष्काळ शिरला. तुकोबांचे दुकान बसले, पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, मूल गेले. या वेळी बऱ्हाणपुरास खुद्द शाहजहान बादशहा दक्षिणेच्या स्वारीसाठी येऊन राहिला होता. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा कंपनीचा नोकर पीटर मंडी त्याच हिवाळ्यात या वाटेने गेला. रस्त्याकडेला प्रेते पडलेली आणि बादशाही छावणीत मात्र सर्व प्रकारची सामग्री भरलेली, असा देखावा त्याने लिहिला आहे. बंजाऱ्यांचे तांडे धान्य वाहत होते, पण ते छावणीकडे. सैन्याला आधी, मग उरले तर गावाला, असा तो अलिखित कायदा.

बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत येथे लंगर उघडले. शिवाय तख्तावर बसल्याचा वार म्हणून दर सोमवारी बऱ्हाणपुरात ५,००० रुपये वाटण्याची आज्ञा केली. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले, अहमदाबादेस आणखी ५० हजार. हे सर्व दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने अभिमानाने लिहून ठेवले आहे. त्याच ठिकाणी त्याने दुसरीही एक रक्कम दिली आहे: खालसा मुलखात साऱ्याची सूट सुमारे ७० लाख रुपयांची, म्हणजे एकंदर वसुलाचा जवळजवळ अकरावा हिस्सा. एक लाख आणि सत्तर लाख. लेखणीच्या एका ओळीने सोमवारच्या थैलीच्या सत्तरपट काम केले. आता, शेतात काही उगवलेच नव्हते तेव्हा वसूल करावयास होते तरी काय, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण वसूल होण्यासारखे शिल्लक नसतानाही बी-बियाणे, बैल आणि पोरे विकावयास लावून सारा वसूल करणारी राज्ये आपल्या इतिहासाला अपरिचित नाहीत.

मात्र लंगराला हसू नये. सूट मिळाली ती ज्याच्या नावावर शेत होते त्याला. मलमल विणणाऱ्याला, मजुराला, गाव सोडून आलेल्याला तिचा आज उपयोग नव्हता. त्याला आज दुपारची भाकर हवी होती, आणि ती लंगरातच होती. जो दारापर्यंत चालत आला तो जगला. वाटेत पडला तो मंडीच्या रोजनिशीत गेला.

तिकडे देहूत तुकोबांनी जे केले त्याला काय नाव द्यावे? वडिलार्जित सावकारीच्या खतांतील आपल्या वाट्याचा निम्मा भाग त्यांनी इंद्रायणीत सोडला अशी परंपरा आहे. ते दान नव्हते, कारण घेणाऱ्याच्या हातात काहीच पडले नाही. कागद बुडाला एवढेच. एका वाण्याच्या घरातली ती बादशाही सूट होती, आणि प्रमाणात पाहिले तर बादशहापेक्षा मोठी.

पुढे हा मुलूख शिंद्यांकडे आणि मग इंग्रजांकडे गेला, तरी दुष्काळात आधी थैली सुटे आणि नियम मागाहून सुचे, हा क्रम फार बदलला नाही. १८८० च्या कमिशननंतर दुष्काळाचे लेखी कायदे तयार झाले. त्यांत दयेचा भाग थोडा आणि खर्चाची काळजी फार. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बाजारात धान्य असूनही माणसे का मरतात याची मीमांसा केली. मंडीने बऱ्हाणपुरात पाहिले ते हेच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडावयास गेली, त्यातून रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली त्या धर्तीवर केंद्राचा. खडी फोडणाऱ्या बाईने मजुरी मागितली ती हक्क म्हणून. देणाऱ्याने मान खाली घालावी की नाही हा प्रश्न तेथे उरला नाही.

खानखानानची दिल्लीतील कबर पुढे उघडी पडली. तिचा संगमरवर काढून सफदरजंगाच्या कबरीला लावण्यात आला, आणि कित्येक पिढ्या ती नुसती दगडविटांची उभी होती. अलीकडे आगाखान ट्रस्टने एका खासगी प्रतिष्ठानाच्या देणगीतून तिची डागडुजी केली. २०२० साली काम पुरे झाले. दानशूराच्या कबरीला दानच उपयोगी पडले. बऱ्हाणपूरचा भंडारा २०२४ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला आहे. त्या पाण्यात चुना फार. भुयाराच्या भिंतींवर त्याचे पांढरे थर चढत जातात, वाट अरुंद होते, आणि कोणीतरी उतरून ते खरवडावे लागतात. त्या माणसाच्या मजुरीची सोय कोणत्या वहीतून व्हावयाची, ते अजून ठरावयाचे आहे.